अनुभव धागा: सपोर्टला लिहिलं, पुढे काय झालं?

सुरंगी (पर्वरी), धागा काढणारी

गेल्या चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी आमच्या ॲपचं अपडेट ॲप स्टोअरवर अडकलं, तेव्हापासून हा धागा काढायचं मनात होतं. फोंडा तालुक्यातल्या बचत गटाच्या बायका आमच्या ॲपवरून नेवऱ्या (करंज्या), लाडू आणि गणपतीच्या वर टांगतात त्या माटोळीचं सामान विकतात. सुपारीचे घोस, माटुळिंगं, रानफळं. हा माल चवथीच्या आधी गेला तर गेला, नंतर त्याला गिऱ्हाईक नाही. त्यासाठी खास एक पान करून अपडेट पाठवलं आणि ते परत आलं. पत्रात एवढंच, की तपासणी पूर्ण करता आली नाही, नियम वाचून पुन्हा पाठवा. नियम वाचले, पाठवलं. परत तेच पत्र, स्वल्पविरामासकट. असं तीनदा झालं. मध्ये मी सपोर्टला दोन पानी मेल लिहिली, त्यालाही उत्तर म्हणून तोच परिच्छेद आला.

चौथ्या वेळी पत्राला जोडलेलं स्क्रीनचं चित्र मी मोठं करून बघितलं. ओटीपीचे सहा चौकोन, सहाही रिकामे, आणि खालचं 'पुन्हा पाठवा' हे बटण राखाडी पडलेलं. तेव्हा उलगडा झाला. तपासणारा माणूस परदेशात, आणि आमचा ओटीपी फक्त भारतातल्या नंबरवर जातो. तो बिचारा दारातच उभा होता! चाचणीसाठी एक ठरलेला नंबर आणि ठरलेला ओटीपी करून दिला, सूचनांच्या रकान्यात लिहिला, दुसऱ्या दिवशी मंजुरी. तोवर चवथ परवावर आली होती. 'लॉगिन होत नाही' एवढे तीन शब्द पहिल्याच पत्रात असते तर गटातल्या मावशींचा अर्धा माल घरी राहिला नसता.

गोव्यात आपल्यासारखे दोन-चार जणांचे चमू बरेच आहेत. प्लॅटफॉर्मवाल्यांच्या जोरावर आपण धंदा करतो, पण अडलं की विचारायचं कोणाला हा प्रश्न प्रत्येकाचा आहे. म्हणून लिहा: काय अडलं, काय विचारलं, उत्तर कसं आलं, शेवटी कशाने सुटलं. तक्रार असेल तर कंपनीचं नाव नको, आपल्याला पद्धतीबद्दल बोलायचं आहे. चांगला अनुभव असेल तर नाव अवश्य घ्या.

पोफळी (वास्को)

मी जुना माणूस, त्यामुळे चांगल्यापासून सुरू करतो. १९९८ च्या आसपास खनिज वाहणाऱ्या बार्जींच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर व्हिज्युअल बेसिकमध्ये करत होतो. मांडवीतून आणि झुवारीतून मुरगावला किती फेऱ्या झाल्या, किती टन उतरलं, कोणाला किती द्यायचे. सगळ्या नोंदी मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसच्या एका फाइलीत, ती फाइल एका विंडोज एनटी सर्व्हरवर आणि तीन यंत्रांवरून एकाच वेळी नोंदी. आठवड्यातून एकदा तरी फाइल बिघडायची आणि हंगामात कारकून रात्री बसून पावत्या पुन्हा चढवायचे.

मायक्रोसॉफ्टच्या एमएसडीएनची, म्हणजे प्रोग्रामरांसाठीच्या सेवेची, वर्गणी भरली होती. सीड्या टपालाने यायच्या, आणि ठरावीक प्रश्न फोनवर विचारायची मुभा होती. एक प्रश्न खर्च केला. फोनवरच्या इंजिनिअरने पहिलं वाक्य काय म्हणावं? "तुमचं सगळं सॉफ्टवेअर नको, दोन यंत्रं आणि एक टेबल एवढ्यावर हे घडवून दाखवाल?" दोन दिवस खपून तेवढंच करून पाठवलं. त्याने ते स्वतः चालवून बघितलं आणि उलटा फोन केला. सर्व्हर प्रत्येक यंत्राला फाइलीचा तुकडा आपल्याकडे धरून ठेवायची सवलत देतो, ऑपलॉक म्हणतात त्याला, ती बंद करा म्हणाला. मायक्रोसॉफ्टच्या मदत-लेखाचा क्यू अक्षराने सुरू होणारा क्रमांकही दिला. विंडोजच्या सेटिंगांच्या यादीतली, रजिस्ट्रीतली, एक नोंद बदलली आणि त्या हंगामात फाइल पुन्हा बिघडली नाही.

तो माणूस ऑपलॉकबद्दल माझ्यापेक्षा जास्त जाणत होता यात नवल नाही. त्याने माझी अडचण स्वतःच्या टेबलावर घडवून पाहिली, ते मला अजून आठवतं. त्या दोन दिवसांत 'छोटं उदाहरण करून विचारायचं' हे मी शिकलो, ते आजपर्यंत पुरलं आहे.

तिरफळ (फोंडा)

माझं थोडक्यात लिहितो, कारण सांगण्यासारखं उत्तर मला मिळालंच नाही. फर्मागुडीला इंजिनिअरिंग केलं, बाहेर पडल्यावर एका पतसंस्थेचं ॲप केलं. सात महिन्यांनी एका सकाळी ॲप स्टोअरवर ठेवायला लागणारं माझं डेव्हलपर खातं बंद. कारण दिलं होतं, की पूर्वी बंद केलेल्या एका खात्याशी तुमचा संबंध आहे. कोणतं खातं? कसला संबंध? वसतिगृहात एकच वायफाय होतं, एका सीनिअरचा जुना लॅपटॉप मी विकत घेतला होता, त्यातलं काही असेल का? अपील केलं, तासाभरात नामंजूर. तासाभरात कोणी काय तपासलं असेल? दुसरं अपील करायची सोय नव्हती.

पतसंस्थेच्या सेक्रेटरींना मी हे मराठीत समजावून सांगू शकलो नाही. "तुझी चूक काय ते तरी सांग," म्हणाले, आणि ते मलाच माहीत नव्हतं. शेवटी संस्थेच्या नावाने नवं खातं काढलं, ॲप दुसऱ्याकडे गेलं. माझ्या नावाने मी अजून काहीही प्रसिद्ध करू शकत नाही. नव्या मुलांना एकच सांगेन, ॲप ज्याचं त्याच्याच नावाने खातं काढा.

आबोली (डिचोली)

माझा अनुभव एसएमएसचा. देवस्थानांच्या महाजनांना जत्रेचे, पालखीचे निरोप मराठीत पाठवायचं काम आमच्याकडे आहे. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८ च्या नियमांनंतर प्रत्येक निरोपाचा साचा आधी नोंदवावा लागतो, आणि बदलत्या मजकुरासाठी सोडलेल्या प्रत्येक जागेत तेव्हा ३० अक्षरंच बसायची. आमचे इंग्रजी निरोप जायचे, मराठी निम्मे गळायचे. सपोर्टकडून महिनाभर 'साचा जुळत नाही' एवढंच.

मग एके दिवशी एसएमएस देणाऱ्या कंपनीच्या फोनवर एक मुलगी भेटली. तिने मला मजकूर वाचून दाखवायला सांगितला आणि मध्येच थांबवलं. "मॅडम, 'श्री' तुम्ही किती अक्षरं धरता?" मी म्हटलं, एक. ती म्हणाली, यंत्र चार धरतं. श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. मी कागद घेऊन बसले. 'कुंकळ्ळी' आपल्याला दिसायला तीन अक्षरं, यंत्राच्या हिशेबात आठ. देवाचं नाव आणि गाव मिळून तीसच्या पुढे सहज जायचं. नाव एका जागेत, गाव दुसऱ्या जागेत असा साचा फोडला आणि प्रश्न मिटला. तिने वर हेही सांगितलं, की देवनागरी निरोप एका एसएमएसात ७० अक्षरांचाच, रोमन १६० चा, त्यामुळे बिलही तसंच धरा. तिच्या हुद्द्यात इंजिनिअर हा शब्द नव्हता. पण ती मराठी वाचू शकत होती आणि तिला विचारावंसं वाटलं.

काजूबोंड (साखळी)

विद्यार्थी आहे, पहिलंच ॲप. गुगल प्लेवर नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेल्या वैयक्तिक खात्याला सलग १४ दिवस चाचणीकर्ते दाखवावे लागतात. आधी २० लागायचे, पुढे १२ केले. बारा माणसं म्हणजे माझ्या दोन मावश्या, तीन चुलतभाऊ आणि उरलेले वर्गातले. नियम एका पानावर नीट लिहिलेला होता, म्हणून कोणाला विचारावंच लागलं नाही. मला हाही सपोर्टच वाटतो.

होडी (दिवाडी)

आमच्याकडे माल पोचवायचं ॲप आहे. नकाशाची सेवा पैसे भरून घेतलेली. तिच्या हिशेबात जुनं गोवं ते दिवाडी ही फेरीबोट म्हणजे रस्त्याचाच तुकडा, बोट सदैव धक्क्याला उभी असल्यासारखी. पोचायची वेळ दाखवायची बारा मिनिटं. आमचा मुलगा रांगेत, बोट पलीकडे, आणि गिऱ्हाईक मला फोन करतंय. कळवलं तर उत्तर, की नकाशातली चूक सामान्य वापरकर्त्यांच्या बटणातून सुचवा. सुचवली. पैसे भरणारा म्हणून वेगळी खिडकी नाहीच.

मग ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कोणालाही दुरुस्त करता येतो त्या मोफत नकाशावर, गेलो. तिथे फेरीची रेघ स्वतः दुरुस्त केली, दोन बोटींमधला वेळ भरला. दुसऱ्याच दिवशी कुठल्यातरी दूरच्या देशातल्या माणसाने माझ्या बदलाखाली विचारलं, या बोटीवर गाड्या चढतात की फक्त माणसं? कधी दिवाडीला येणारही नाही असा माणूस! मी धक्क्यावर जाऊन फलकाचा फोटो काढून आणला आणि उरलेलं भरलं. पैसे भरून जे मिळालं नाही ते तिथे फुकट मिळालं, हे मला अजून पचत नाही.

बिमली (म्हापसा)

सगळं वाचलं. मी तीन वर्षं बंगळूरला अशाच एका कंपनीच्या डेव्हलपर सपोर्टला होते, तेव्हा दुसरी बाजू लिहिते. सुरंगीताई, तुम्हाला आलेला परिच्छेद माझ्यासारख्याच कोणीतरी एक कळ दाबून पाठवलेला असणार. आमच्यापुढे तिकिटांची, म्हणजे आलेल्या तक्रारींची, रांग असायची आणि तयार उत्तरांची यादी. पहिलं उत्तर किती वेळात गेलं हे रोज मोजलं जायचं, प्रश्न सुटला का हे कोणी मोजत नसे. तिकीट बंद केलं की आमचं काम झालं, ते दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडलं तर ते नवं. लॉग, म्हणजे सर्व्हरवर आपोआप होणाऱ्या नोंदी, बघायची परवानगी आम्हाला नव्हती. ज्यांना होती त्यांच्यापर्यंत तिकीट पोचवायचं तर तीन रकाने भरलेले लागायचे: घडल्याची नेमकी वेळ टाइमझोनसकट, सर्व्हरने परत दिलेला विनंतीचा क्रमांक, आणि कोणालाही चालवून बघता येईल असं छोटं उदाहरण. पोफळीबाबांनी १९९८ मध्ये पाठवलं तेच. लोक चार पानं कळवळून लिहायचे आणि यातलं एकही नसायचं. मी वाचायचे, वाईट वाटायचं, आणि तयार उत्तर पाठवायचे. ते अजून मनात आहे.

कारण का सांगत नाहीत, तर आत शिकवलं जायचं की फसवणाऱ्यांना नेमकं कारण कळलं तर ते तेवढंच चुकवून परत येतात. हे खरंही आहे.

सुरंगी (पर्वरी)

बिमलीताई, खरं असेल. पण ओटीपी पोचला नाही हे सांगितल्याने कोणता फसवणारा हुशार होणार होता? फसवणुकीचा संशय आणि तांत्रिक अडचण यांना एकच पत्र जातं, तिथेच घोळ आहे.

बिमली (म्हापसा)

हो, तिथे माझ्याकडे उत्तर नाही. दोन्हींसाठी वेगळी पत्रं करा असं आम्ही काही जणांनी आत लिहून दिलं होतं. मी सोडेपर्यंत तरी झालं नव्हतं.

तिरफळ, तुझ्यासाठी एक. २०२१ साली आलेल्या माहिती तंत्रज्ञान नियमांत अशा मध्यस्थ कंपन्यांना तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निकाल, असं त्यात होतं. त्याचा पत्ता कंपनीच्या संकेतस्थळावर, बहुधा अगदी तळाशी असतो. तुझी तक्रार त्यात बसेलच अशी हमी मी देत नाही, पण ते पत्र सपोर्टच्या रांगेत न जाता वेगळ्या टेबलावर जातं. त्यात रागाचं काही लिहू नकोस. लॅपटॉप कधी घेतला, कोणाकडून, पावती आहे का, वसतिगृहात कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत होतास, एवढंच तारखांसकट. मसुदा केलास तर मला पाठव, मी वाचून देते.

तिरफळ (फोंडा)

ताई, पावती नाही, पण पैसे यूपीआयने दिले होते, त्याची नोंद बँकेच्या पासबुकात सापडली. वसतिगृहाचा दाखला सोमवारी फर्मागुडीला जाऊन आणतो. मसुदा तुम्हाला निरोपात पाठवला आहे. दुसरा परिच्छेद जरा बघा, तिथे थोडा राग राहिला असेल.