कादंबरी, दिवाळी अंकाची कथा आणि रविवारची भटकंती : कसं जमवता?

घाटावरची

नमस्कार मंडळी. मी वाईची. इथल्याच एका पतसंस्थेत नोकरी करते आणि बाकी मिळेल त्या वेळात कादंबरी लिहिते.

कादंबरी जिऊबाईवर आहे. नाना फडणवीस 1800 च्या मार्चमध्ये गेले तेव्हा त्यांची ही बायको जेमतेम नऊ-दहा वर्षांची होती. मग लोहगड, पनवेल, इंग्रजांची पेन्शन आणि शेवटी आमच्या शेजारची मेणवली. बाई 1854 पर्यंत जगली. म्हणजे पेशवाई बुडाली, साताऱ्याचं राज्य खालसा झालं, आणि ही आपली वाड्यात आहेच. पुस्तकांत ती सापडते नानांच्या प्रकरणाच्या शेपटाला, चार ओळींत. तिथून पुढचं सगळं मलाच रचायचंय.

निम्मी झाली असेल-नसेल, तोच एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. दीर्घकथा हवी, जुलैअखेर. नाही म्हणवलं नाही. कथा आजची आहे, हळदीच्या व्यापारातली, मोबाइलवर एकमेकांची आयमाय काढणारी माणसं. पहाटे कादंबरी आणि रात्री कथा असं ठरवलं खरं, पण परवा कथेतला दलाल गिऱ्हाइकाला "आज्ञा व्हावी" म्हणाला! खोडलं आणि झोपले.

त्यात मुलाची दहावी, सासूबाईंचे गुडघे आणि पतसंस्थेतली तिमाहीची आकडेमोड. हे सगळ्यांनाच असतं, त्याचं रडगाणं नाही. माझा खरा प्रश्न रविवारचा आहे.

रविवारी दुपारी स्वयंपाकघर आवरलं की मी गाडी काढते. कधी मेणवली, कधी धोमच्या बाजूला, पाऊस फार असला तर गणपती आळीच्या घाटावरच. ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती का बांधली, हे पूर आल्यावर पाहावं. पाणी चढत येतं, त्या टोकावर फुटतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं. तासभर बघत बसले तरी कंटाळा येत नाही. नवरा म्हणतो, "लिहायला वेळ नाही म्हणतेस आणि फिरायला बरा मिळतो! वाडा काय पळून चाललाय?"

आता मेणवलीची घंटा घ्या. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चमधून ज्या घंटा आल्या, त्यातली ही एक म्हणतात. घाटावर छोट्याशा घुमटीत टांगलेली आहे. लहानपणापासून कितीदा पाहिली असेन. यंदा पावसात आडोशाला म्हणून तिच्याखाली उभी राहिले आणि वर नजर गेली. घंटेच्या अंगावर मेरी आहे, कडेवर बाळ. जिऊबाई नदीवर येत असणार, ती याच घाटानं. पोरवयात विधवा झालेली बाई आणि डोक्यावर परमुलखातली लेकुरवाळी. तिला ती कोण वाटली असेल? देवी? पाण्यातली आसरा? त्या एका गोष्टीवर पुढची दोन प्रकरणं उभी राहिली. घरी टेबलाशी बसून हे मला सात जन्मात सुचलं नसतं.

पण दर रविवारी घंटा मिळत नाही, हेही खरं. बहुतेक वेळा भजी खाऊन आणि चप्पल चिखलात माखून परत. तर लिहिणाऱ्यांनो, ही भटकंती तुम्ही कामात धरता की टाळाटाळीत? आणि दोन लिखाणं एकदम पोटात कशी ठेवता?

दप्तरी

दोन लिखाणं एकदम ठेवू नका, एवढं सोपं उत्तर आहे. कादंबरीला तारीख नाही, कथेला आहे. महिनाभर कादंबरीची वही कपाटात टाका. जिऊबाई दोनशे वर्षं थांबली आहे, आणखी महिनाभर थांबेल.

भटकंतीबद्दल मात्र तुमच्या यजमानांच्या बाजूने थोडं बोलतो. वाडा आणि घाट पाहून हवा कळते, व्यवहार कळत नाही. पेन्शन कधी आली, कोणाचं देणं थकलं, घरात माणसं किती होती, हे कागदात असतं. नानांचं मेणवली दप्तर इतिहाससंशोधक द. ब. पारसनिसांनी उजेडात आणलं, साताऱ्याच्या त्यांच्या संग्रहातून ते पुढे पुण्याला डेक्कन कॉलेजात गेलं. परवानगीची चौकशी आधी फोनवर करा, नाहीतर हेलपाटा होतो. मोडी येत नसेल तर रविवारची एक फेरी वगळून बाराखडी गिरवायला घ्या.

उंडगा

दप्तरीकाका, कागदात चिखल नसतो हो!

ताई, मेणवली तुमच्या पायाखालची आहे, पण लोहगड पाहिलात का? नाना गेल्यावर तुमची नायिका तिथंच आसऱ्याला होती ना? मळवलीला उतरा, भाजे गावातून चढा, वर गायमुख खिंडीत या. पुढे एकामागून एक दरवाजे आणि नागमोडी वाट. ही वाट नऊ-दहा वर्षांच्या मुलीला मेण्यातून कशी दिसली असेल, त्याचा विचार करत चढा. वर नानांनी बांधून घेतलेलं तळं आहे. तिला ते दाखवून कोणी "हे आपलं" म्हणालं असेल की नाही, ते तुम्ही ठरवा.

फक्त पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी जाऊ नका. आधीच गर्दी, त्यात 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव लागलंय. पायऱ्यांवर रांगेत उभं राहून कसली कादंबरी सुचणार! मधल्या वारी रजा टाका.

सांगलीची माई

अगं, तू प्रश्न भटकंतीचा विचारते आहेस, पण अडचण पहाटेची दिसते. रात्री कथा लिहून पहाटे उठणार कशी? माझ्या दोन्ही कादंबऱ्या दुपारी दोन ते चार या वेळात झाल्या. पोरं शाळेत, हे ऑफिसात, आणि दाराला आतून कडी. शेजारीण रुसली होती, नंतर निवळली. तुला नोकरी आहे, तर पोळ्यांना बाई लाव. पैसे जातात, पण रोजचा तास मिळतो. आणि दहावीतला मुलगा आपलं ताट आपण घेऊ शकतो, हो ना?

रविवारचं कोणाला सांगत बसू नकोस. नवऱ्यालाच एकदा सोबत ने. माझे हे एकदा नरसोबाच्या वाडीला आले, नावाड्याशी तासभर गप्पा मारल्या, आणि परत येताना मला म्हणाले, तुझ्या त्या तिसऱ्या प्रकरणातली नाव चुकीच्या बाजूनं लागते.

घाटावरची

माई, हे वाचून दाखवलं. "नावेचं मला काय कळतं," असं उत्तर आलं, पण गाडीची चावी त्यांनी उचलली. बघू.

दप्तरीकाका, वही कपाटात गेली. कथेतला दलाल आता शिव्या देतोय, म्हणजे गाडी रुळावर आहे. पण मोडीचं तुम्ही म्हणता तसं रविवार मोडून करणार नाही, ते पोळ्यांच्या बाईच्या तासात बसवते. गिरवायला कोणतं पुस्तक घेऊ? आणि उंडगा, लोहगडाला कथा दिल्यावर, ऑगस्टमध्ये, मंगळवारी. गुडघे माझेही फार चांगले नाहीत, तेव्हा भाजे गावातून चढायला किती वेळ लागेल तो खरा सांगा, तुमचा नको.