आयसीयूतलं डायलिसिस: लगेच लावावं की थांबावं?

रात्रपाळी (धागाकर्ता)

"डॉक्टर, क्रिएटिनिन चार झालंय, मग डायलिसिस का लावत नाही?" आयसीयूत काम करणाऱ्या प्रत्येकाला हे ऐकावं लागतं. (क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंडं गाळून बाहेर टाकतात तो रक्तातला कचरा; तो चढला म्हणजे मूत्रपिंडं मंदावली.) विचारणारे कधी नातेवाईक असतात, कधी दुसऱ्या विभागाचे सर्जन. माझं मत सरळ मांडतो, मग खुशाल तुटून पडा. मूत्रपिंडं अचानक बंद पडतात त्या आजारात, म्हणजे एकेआयमध्ये, गेल्या दहा-बारा वर्षांतली सगळ्यात मोठी प्रगती कुठलं औषध नाही की यंत्र नाही. यंत्र शेजारी उभं असताना ते न लावता थांबायला आपण शिकलो, ही ती प्रगती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ४८ तासांत क्रिएटिनिन डेसिलिटरमागे ०.३ मिग्रॅने वाढलं, किंवा सात दिवसांत मूळच्या दीडपट झालं, किंवा सलग सहा तास लघवी वजनाच्या किलोमागे ताशी अर्ध्या मिलीपेक्षा कमी झाली, की एकेआय म्हणायचं. ही केडिगो या आंतरराष्ट्रीय गटाची २०१२ ची व्याख्या. तिच्या मोजपट्टीने पाहिलं तर आयसीयूतल्या निम्म्याहून जास्त पेशंटना एकेआय असतो. २०१५ च्या अनेक देशांतल्या पाहणीत हा आकडा ५७ टक्के आला, आणि एकूण पेशंटपैकी डायलिसिस लागलं ते १३.५ टक्क्यांना.

पूर्वीचा हिशेब सोपा होता. रक्तात घाण साठतेय, पाणी साठतेय, तर ती चढायची वाट कशाला बघायची? ऐकायला बिनतोड. पण २०१६ मध्ये फ्रान्समधल्या ३१ आयसीयूंनी ६२० पेशंट घेऊन 'अकिकी' चाचणी केली. निम्म्यांना लगेच डायलिसिस, निम्म्यांना ठरावीक धोक्याची लक्षणं दिसेपर्यंत थांबायचं. मृत्यूंत फरक नाही. थांबलेल्यांपैकी ४९ टक्क्यांना तर डायलिसिस कधी लागलंच नाही! मग २०२० ची 'स्टार्ट-एकेआय': १५ देश, तीन हजार पेशंट. ९० दिवसांतले मृत्यू लवकर लावलेल्यांत ४३.९ टक्के, थांबलेल्यांत ४३.७. आणि जे वाचले त्यांच्यात ९० दिवसांनंतरही डायलिसिसवर असलेले: लवकर गटात १०.४ टक्के, थांबलेल्यांत ६.

म्हणजे घाई करून जीव जास्त वाचले नाहीत, यंत्रावर अडकलेले मात्र वाढले. आता बोला.

नेफ्रोवाला

अंशतः असहमत, आणि तो अंश मोठा आहे.

'स्टार्ट-एकेआय'मध्ये कोण घेतले होते ते सांगायचं राहिलं. ज्यांना आत्ताच डायलिसिस हवं असं डॉक्टरांना वाटत होतं ते आधीच बाहेर. ज्यांना ते टाळायलाच हवं असं वाटत होतं तेही बाहेर. उरले ते मधले, ज्यांच्याबाबत डॉक्टरच दोन्हीकडे झुकत होते. त्या मधल्यांचं उत्तर घेऊन तुम्ही सगळ्या आयसीयूला नियम लावताय.

दुसरं, थांबण्यालाही मर्यादा असते. 'अकिकी'च्याच मंडळींनी २०२१ मध्ये पुढची चाचणी केली, 'अकिकी-२'. एका गटाला बीयूएन (रक्तातल्या युरियाचं माप) ११२ च्या पुढे गेला किंवा लघवी ७२ तास अत्यल्प राहिली की डायलिसिस, दुसऱ्याला बीयूएन १४० होईपर्यंत थांबा. साठ दिवसांत पहिल्या गटात ४४ टक्के दगावले, दुसऱ्यात ५५. नुसत्या तुलनेत हा फरक योगायोगाचाही असू शकेल असा निसटता होता हे मान्य. पण इतर घटकांचा हिशेब करून आधीच ठरवलेलं विश्लेषण केलं तेव्हा जास्त थांबलेल्यांना धोका जास्त निघाला.

आणि २०१६ चीच जर्मनीतली 'एलेन' चाचणी विसरलात का? लवकर लावलेल्यांत ३९ टक्के मृत्यू, उशिरा लावलेल्यांत जवळपास ५५.

रात्रपाळी

'एलेन' विसरलो नाही, मुद्दाम टाळली. एकाच रुग्णालयातली, २३१ पेशंटची, त्यातले बहुतेक मोठ्या शस्त्रक्रियेनंतरचे. एवढा प्रचंड फायदा नंतरच्या कुठल्याही मोठ्या चाचणीत दिसला नाही. 'अकिकी-२' मात्र मान्य. १४० पर्यंत ताणा असं मी म्हणतच नाहीये.

बेड_नंबर_सात

मी आयसीयूत नर्स आहे. वरचं सगळं वाचलं. "थांबू या" हा शब्द तुम्ही राउंडला उच्चारता आणि पुढच्या बेडकडे जाता. थांबतं कोण? आम्ही.

थांबणं म्हणजे दर तासाला युरोमीटर (लघवी मोजायचा डबा) वाचून चार्टवर लिहिणं. सत्तर किलोच्या माणसाला ताशी ३५ मिली हवी. दहाला ३०, अकराला २२, बाराला ८, एकला काहीच नाही. मग आधी लघवीचा कॅथेटर तुंबलाय का बघायचं, नळी कुठे पिळली गेलीय का बघायचं, फ्लश करायचं. लघवी खरोखरच आटली असेल तर रेसिडेंटला (शिकाऊ डॉक्टरला) फोन. पहाटे चारला रक्ताच्या गॅस रिपोर्टमध्ये पोटॅशियम ६.८, हृदय बंद पाडू शकेल इतकं; मॉनिटरवर ईसीजीतल्या टी वेव्ह तंबूसारख्या टोकदार. कॅल्शियम द्या, इन्शुलिन-ग्लुकोज सुरू करा, आणि तेव्हा डायलिसिसच्या माणसाला घरून बोलवा. तो येऊन मशीन प्राइम करून सुरू होईपर्यंत आमचा जीव टांगणीला.

जिथे एका नर्सकडे एक-दोनच पेशंट असतात तिथे हे जमतं. जिथे चार असतात तिथे तुमचं "थांबणं" आणि "लक्ष न देणं" यात काय फरक उरतो, ते सांगा.

नेफ्रोवाला

+१. हेच मला म्हणायचं होतं, फक्त इतकं चांगलं जमलं नाही. २०१८ च्या 'आयडियल-आयसीयू'मध्ये सेप्टिक शॉकचे, म्हणजे इन्फेक्शनमुळे रक्तदाब कोसळलेले पेशंट होते. मृत्यूंत फरक नव्हता खरा (५८ विरुद्ध ५४ टक्के). पण थांबलेल्या गटातल्या १७ टक्क्यांना शेवटी तातडीचं डायलिसिस करावं लागलं. चाचणीत कडक पहारा असतो म्हणून ते वेळेत सापडले.

रात्रपाळी

बेड नंबर सात, मुद्दा शंभर टक्के खरा. पण त्यातून "म्हणून सगळ्यांना लवकर लावा" कसं निघतं? माणसं कमी असतील तर डायलिसिस चालू असलेला पेशंटही तितकाच धोक्यात. मानेत किंवा जांघेत जाड कॅथेटर, रक्तदाब कोसळणं, इन्फेक्शन, रक्तातलं फॉस्फेट घसरणं. ज्या मूत्रपिंडाला आधीच रक्त कमी पडलंय त्याला दर सेशनला रक्तदाबाचा नवा फटका. 'स्टार्ट-एकेआय'मध्ये वाचलेले पेशंट डायलिसिसवर जास्त अडकले, त्याचं एक कारण हेच असावं असं माझं मत.

शिवाय आता आंधळेपणाने थांबावं लागत नाही. फ्युरोसेमाइड स्ट्रेस टेस्ट घ्या, २०१३ पासून वापरात आहे. पेशंटच्या अंगात पाणी पुरेसं आहे ना ते आधी बघायचं. मग पूर्वी लॅसिक्स (हेच फ्युरोसेमाइड, लघवी वाढवणारं औषध) घेतलं नसेल तर किलोला एक मिग्रॅ, घेतलं असेल तर दीड. दोन तासांत २०० मिलीपेक्षा कमी लघवी झाली तर मूत्रपिंड आणखी बिघडण्याची शक्यता बरीच जास्त. त्याच रात्री मशीन, कॅथेटर, माणूस तयार ठेवा. भरपूर झाली तर थोडा दम धरा. स्वस्त औषध आणि एक घड्याळ, बस्स.

आकडेमोड

मी डॉक्टर नाही, आरोग्याच्या डेटावर काम करतो. मला हा वादच चुकीच्या टोकाला चाललाय असं वाटतं. क्रिएटिनिन चढेपर्यंत मूत्रपिंडाला इजा होऊन दिवस-दोन दिवस उलटलेले असतात. लढाई आधीच्या तासांत आहे. २०१९ मध्ये डीपमाइंडने सात लाखांवर पेशंटच्या नोंदींवर मॉडेल बसवलं. एकेआयच्या निम्म्याहून जास्त घटना ते ४८ तास आधीपर्यंत ओळखत होतं. मूत्रपिंडावरचा ताण दाखवणाऱ्या, लघवीतल्या टिंप-२ आणि आयजीएफबीपी-७ या प्रथिनांची चाचणी तर अमेरिकेत २०१४ पासून मान्य आहे. "थांबायला शिकलो" याला प्रगती म्हणणं म्हणजे आधी ओळखता येत नव्हतं त्याची कबुली.

रात्रपाळी

त्याच मॉडेलमध्ये प्रत्येक खऱ्या इशाऱ्यामागे दोन खोटे होते, आणि नोंदी अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या, त्यात बायका जेमतेम सहा टक्के. हे वाक्यही लिहा ना.

आणि इशारा मिळाल्यावर करायचं काय? २०२१ मध्ये सहा रुग्णालयांतल्या सहा हजार पेशंटवर एकेआयचा संगणकीय इशारा तपासला. एकूण फायदा शून्य. ज्या दोन रुग्णालयांत शिकाऊ डॉक्टर नव्हते तिथे इशारा मिळालेल्या गटात मृत्यू जास्त झाले! का ते नक्की कुणालाच सांगता आलेलं नाही. घंटा वाजवणं आणि उपचार करणं यात अंतर आहे, साहेब.

आकडेमोड

ते इशारा कसा दिला याचं अपयश आहे, ओळखण्याचं नाही. घंटेसोबत काम जोडलं की निकाल बदलतो. २०१७ मध्ये हृदय-शस्त्रक्रियेनंतर हीच लघवीची चाचणी वापरून ज्यांना धोका जास्त त्यांनाच नीट सांभाळलं: रक्तदाब, पाणी, साखर, मूत्रपिंडाला त्रास देणारी औषधं बंद. एकेआय ७१.७ वरून ५५.१ टक्क्यांवर आला.

रात्रपाळी

आणि डायलिसिस लागलेले व दगावलेले? त्यात फरक दिसला नाही. पण ठीक आहे, ही चाचणी मलाही आवडते. त्यात एकही नवं औषध नव्हतं, हे लक्षात घ्या.

फिल्टर_जाम

डायलिसिस टेक्निशियन. इथे सगळे "मशीन लावायचं की नाही" यावर भांडतायत, मशीन किती बदललं यावर कुणी बोलत नाही. पूर्वी सीआरआरटीत (दिवसरात्र हळूहळू चालणारं डायलिसिस) रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन द्यायचो, एकीकडे फिल्टर जाम आणि दुसरीकडे पेशंटला रक्तस्राव. आता सायट्रेट. रक्त मशीनच्या सर्किटमध्ये शिरतानाच त्यातलं कॅल्शियम बांधून टाकायचं, म्हणजे ते गोठत नाही, पेशंटला परत देताना कॅल्शियम वेगळं द्यायचं. २०२० च्या चाचणीत फिल्टर सरासरी ४७ तास टिकला, हेपॅरिनवर २६. पण त्याच चाचणीत सायट्रेटवाल्यांना इन्फेक्शन जास्त झालं, तेही सांगून टाकतो, नाहीतर वर कुणीतरी सांगेलच.

डोसचंही, म्हणजे रक्त ताशी किती धुवायचं त्याचंही, तसंच. पूर्वी जितकं जास्त धुवाल तितकं चांगलं असा समज होता. २००८ आणि २००९ च्या दोन मोठ्या चाचण्यांनी तो मोडला. किलोला ताशी २०-२५ मिली पुरतं, ४० ने काही जास्त मिळत नाही.

रात्रपाळी

म्हणजे तुम्हीही माझ्याच बाजूने बोलताय :) डोस कमी केला. स्टार्च असलेलं सलाईन २०१२ च्या चाचण्यांनंतर सोडलं, कारण त्याने डायलिसिसची गरज वाढत होती. "किडनीसाठी" म्हणून थोडंसं डोपामिन (रक्तदाबाचं औषध) चालू ठेवायची पद्धत होती, ती २००० मध्येच निकालात निघाली. या विषयातली यादी काढा, अर्धी यादी काय बंद केलं त्याची आहे.

नेफ्रोवाला

यादी सोयीची काढलीत. २०२४ ची 'प्रोटेक्शन' चाचणी घ्या. हृदय-शस्त्रक्रियेच्या ३,५११ पेशंटपैकी निम्म्यांना शिरेतून अमायनो अॅसिड दिली. एकेआय ३१.७ ऐवजी २६.९ टक्के. हे काढून घेणं नाही, देणं आहे. मृत्यूंत फरक पडला नाही, कबूल. पण तिसऱ्या टप्प्याचा गंभीर एकेआयही ३ वरून १.६ टक्क्यांवर आला.

रात्रपाळी

मान्य, हा अपवाद दमदार आहे. मात्र ते आधीच ठरलेल्या शस्त्रक्रियेचे पेशंट. सेप्सिस होऊन रात्री दोनला आलेल्या माणसाला तेच लागू पडेल असं आज कुणी म्हणू शकत नाही.

माझ्या बाजूने आणखी एक. २०२५ ची 'लिबरेट-डी'. डायलिसिस सुरू झालेले, पण रक्तदाब स्थिर असलेले पेशंट. एका गटाला नेहमीसारखं आठवड्यातून तीनदा, दुसऱ्याला गरज दिसली तरच. रुग्णालयातून घरी जाईपर्यंत मूत्रपिंड सावरलेले: नेहमीच्या गटात ५० टक्के, गरजेपुरत्या गटात ६४. आपण "आज मंगळवार, डायलिसिसचा दिवस" म्हणून मशीन लावत होतो आणि सावरणाऱ्या मूत्रपिंडाच्या आड येत होतो.

नेफ्रोवाला

"रक्तदाब स्थिर असलेले" हे शब्द तुम्हीच लिहिलेत, म्हणून मी पुन्हा लिहीत नाही. पेशंटही जेमतेम २२०. चाचणी चांगली आहे, मी माझ्या युनिटमध्ये तसं करायला सुरुवातही केली आहे. पण ती डायलिसिस कमी कधी करायचं हे सांगते, सुरू कधी करायचं हे नाही. दोन वेगळे प्रश्न एका पिशवीत घालू नका.

वाचनमात्र

मी नुसती वाचणारी. आमच्या आईला आयसीयूत एकेआय झाला होता. रोज सकाळी एक डॉक्टर म्हणायचे "डायलिसिस लागेल", संध्याकाळचे म्हणायचे "थांबू". कशाची वाट बघतोय हे कुणी सांगितलं नाही. आम्हाला वाटलं यांचंच एकमत नाही किंवा काहीतरी लपवतायत. शेवटी डायलिसिस लागलंच नाही. पण घरी आल्यावर मूत्रपिंडाचं पुढे काय करायचं हेही कुणी सांगितलं नाही. थांबण्याचा निर्णय शास्त्रीय असेल, तो आमच्यापर्यंत पोचला कुठे?

बेड_नंबर_सात

ताई, म्हणूनच मी रेसिडेंटच्या मागे लागते: "थांबा" लिहायचं असेल तर पुढे लिहा किती वाजेपर्यंत आणि काय झालं तर नाही थांबायचं. पोटॅशियम किती, पीएच किती, ऑक्सिजन किती वाढवावा लागला तर. तेच नातेवाईकांना वाचून दाखवता येतं. सही करताना चिडतात, पण लिहितात.

रात्रपाळी

वाचनमात्र, आईंचं क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन तीन महिन्यांनी तपासायचं असतं. ते झालं नसेल तर आता करून घ्या. विचारल्याशिवाय डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या नकोत. पुढे कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर "एकदा एकेआय होऊन गेलाय" हे आधी सांगा. रिपोर्ट सुधारला तरी पुढे मूत्रपिंडाचा दीर्घ आजार होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त राहतो.

बेड नंबर सात, उद्यापासून तुमचा नियम मी उचलतो.

नेफ्रोवाला

डिस्चार्जनंतरच्या फॉलोअपवर वेगळा धागा काढा कुणीतरी, तो विषय इथे दबून जाईल. बाकी माझं म्हणणं जागच्या जागी आहे. ७२ तास लघवी नाही किंवा बीयूएन ११२ च्या पुढे, की मी डायलिसिसचा कॅथेटर टाकणार. मग क्रिएटिनिन किती का असेना.

रात्रपाळी

टाका. ७२ तासांच्या आत टाकायला आलात तर मात्र आधी लॅसिक्स देऊन दोन तास युरोमीटर बघितला का, हे विचारणार.