कर्नेल, पेजिंग, लॉक : तुमचे अनुभव लिहा

भाचीची ओएसची (ऑपरेटिंग सिस्टिमची) तोंडी परीक्षा आहे, काल रात्री विचारत होती मामा पेज फॉल्ट झाला की नक्की काय होतं रे, आणि मला एकदम सीप्झचे दिवस आठवले. एका व्हेंडरच्या कार्डाचा ड्रायव्हर होता, आमच्याकडे टेस्टला मस्त चालायचा, पण क्लायंटकडे संध्याकाळी लोड वाढला की अख्खं मशीन गोठायचं, माऊससुद्धा हलायचा नाही. लॉग कोरा. शेवटी आमच्या सीनियर मॅडम कोड ओळ न ओळ वाचत बसल्या तेव्हा सापडलं, ड्रायव्हर स्पिनलॉक (एका वेळी एकालाच मिळणारं कुलूप, बाकीचे न झोपता जागीच फिरत वाट बघतात) धरूनच युजरच्या बफरमधून डेटा कॉपी करत होता! पान (मेमरीचा ठरावीक मापाचा तुकडा) रॅममध्ये आहे तोवर काही होत नाही, पण ते स्वॅपमध्ये (डिस्कवरच्या राखीव जागेत) गेलेलं असलं की पेज फॉल्ट, मग डिस्कवरून येईपर्यंत ती प्रोसेस झोपणार, लॉक तसाच धरून. मशीनला कोअर दोनच, दोन्हींवर कोणीतरी त्याच लॉकसाठी गरागरा फिरतंय, झोपलेलीला उठून लॉक सोडायला जागाच नाही. आमच्याकडे रॅम भरपूर, स्वॅप व्हायचंच नाही म्हणून दिसलं नाही. कॉपी लॉकच्या आधी केली, विषय संपला. मॅडमचं अजून कौतुक वाटतं. असे बग शिकवायला हवेत खरं तर. तुमचेही लिहा.

बोरिवलीकर : आमचा बग प्रिंट टाकला की गायब, काढला की हजर 😭 टायमिंग बदलतं ना. लॉकडेपने (लॉक कुठल्या क्रमाने घेतले ते तपासणारी लिनक्समधली सोय) पकडून दिला, दोन लॉक दोन ठिकाणी उलट क्रमाने घेतले होते. २००६ पासून कर्नेलमध्ये (ओएसच्या गाभ्यात) आहे, प्रत्यक्ष डेडलॉक (दोघं एकमेकांच्या लॉकची वाट बघत कायमचे अडकणं) व्हायच्या आधीच ओरडतं. चालू करत जा रे बाबांनो.

पमाताई : पोळ्या लाटता लाटता लिहितेय. डर्टी काऊ, लिनक्समधला सुरक्षेचा बग! ऑक्टोबर २०१६, ऐन दिवाळीच्या तोंडावर. एक थ्रेड (एकाच प्रोग्रॅममधलं वेगळं चालणारं काम) पानावर लिहितोय, दुसरा तेच पान टाकून द्या सांगतोय, मधल्या फटीत कर्नेल कॉपीऐवजी मूळ पानावरच लिहायचं, फाईल फक्त वाचायची असली तरी. २००७ पासून पडून होता तो बग. रात्रभर सर्व्हर पॅच केले, चकल्या सासूबाईंनीच केल्या त्या वर्षी.

बोरिवलीकर : भाजणीची कृती द्या ना ताई

जुनाखोडद : बिग कर्नेल लॉक, अख्ख्या कर्नेलला मिळून एकच लॉक, बघितलाय का कोणी? १९९६ ला २.० मध्ये लिनक्स अनेक प्रोसेसरवर चालायला लागलं तेव्हाचा. चाळीत सगळ्या खोल्यांना मिळून एक संडास, तसं. २०११ मध्ये २.६.३९ ला पूर्ण गेला, लोकांनी किती वर्षं चिकाटीने तुकडे पाडले त्याचे.

ठाणे_स्लो : भाचीला बेलाडी नक्की विचारणार, फ्रेम (रॅममधल्या पानांच्या जागा) वाढवूनही फॉल्ट वाढतात ती गंमत. पानं या क्रमाने मागायची : १,२,३,४,१,२,५,१,२,३,४,५. फिफोने (आधी आलेलं पान आधी बाहेर) ३ फ्रेमला ९ फॉल्ट आणि ४ फ्रेमला १०. लोकलमध्ये उभ्याने सोडवलंय.

वसईवाली : माझा ४ जीबीचा लॅपटॉप ब्राउझर उघडला की तासभर खरखरतो, तेच का हे?

जुनाखोडद : हो, थ्रॅशिंग. पानं आत-बाहेर करण्यातच वेळ जातोय. लिनक्स असेल तर झेडरॅम लावा, पानं दाबून रॅममध्येच ठेवतं.

वसईवाली : विंडोज आहे काका