मोठ्या शहरात मुक्काम: गजबजलेल्या मध्यवस्तीत की लांब, शांत भागात?

पायवाट:
चार-पाच दिवसांसाठी एखाद्या मोठ्या शहरात जायचं असेल, तर खोली लहान चालेल, लिफ्ट नसली तरी चालेल, पण मुक्काम मध्यवस्तीत, जाग असलेल्या भागातच हवा. पाच-सहा शहरं हिंडल्यावर माझं हे मत पक्कं झालंय.

साधा हिशोब करा. खोली ५० मिनिटं लांब घेतली, तर जाऊन-येऊन रोजचे १०० मिनिटं. पाच दिवसांत आठ तास वीस मिनिटं. म्हणजे हिंडण्याचा एक अख्खा दिवस प्रवासात गेला, तोही थकलेल्या पायांनी.

आणि वेळेपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे दुपारची विश्रांती. सकाळी संग्रहालय बघून पाय दुखायला लागले की खोलीवर यायचं, तासभर पाठ टेकायची, संध्याकाळी ताजेतवाने होऊन पुन्हा बाहेर. लांब राहणाऱ्याला हे जमत नाही. तो सकाळी आठला निघतो आणि रात्री नऊला गळून परत येतो. शहर संध्याकाळी खुलतं, आणि नेमकी तीच वेळ त्याच्या हातून जाते.

शेवटच्या गाडीचं बंधन असतं ते वेगळंच. टोकियोत मध्यरात्रीच्या सुमारास लोकल बंद होतात आणि पहाटे पाचच्या आसपास सुरू होतात. पॅरिसची मेट्रो शुक्रवार-शनिवारी जरा उशिरापर्यंत असते, पण रात्रभर नाही. मी बऱ्याचदा एकटी फिरते. रात्री अकराला दिवे लागलेल्या, माणसं असलेल्या रस्त्यावरून दहा मिनिटं चालत येणं आणि एखाद्या सुनसान स्टेशनावर उतरून पंधरा मिनिटं चालणं, यात माझ्यासाठी जमीन-अस्मानाचा फरक आहे.

उंबरठा:
ठाम असहमत. तुमच्या हिशोबात झोप कुठेच नाही.

वडिलांना घेऊन गेलो होतो, ते बहात्तर वर्षांचे. एका चौकावरची खोली घेतली, वर्णनात 'ऐन मोक्याची जागा' असं लिहिलेलं. पहिल्या रात्री चौकातला गलका तीन वाजता थांबला. पाचला कचऱ्याची गाडी आली आणि रिकाम्या बाटल्यांचा अख्खा डबा तिच्यात ओतला गेला. तो आवाज अजून कानात आहे. दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या दिवशी वडील म्हणाले, तुम्ही जाऊन या, मी पडतो. ज्यांच्यासाठी सहल काढली तेच खोलीत.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये युरोपसाठी रात्रीच्या आवाजाची मर्यादा सुचवली होती: घराबाहेर वर्षभराची सरासरी ४० डेसिबल. गजबजलेल्या चौकात साधं बोलणं-हसणंच त्याच्या वर जातं. एक-दोन रात्रींनी कुणी आजारी पडत नाही, मान्य. पण चार दिवसांच्या सहलीत दोन रात्री गेल्या तर उरलं काय?

आणि प्रवासातला वेळ वाया जातो हेही पटत नाही. पुढच्या वेळी आम्ही लांब राहिलो. सकाळी शाळेची मुलं, कामावर निघालेली माणसं यांच्यासोबत गाडीत बसायचो. तिसऱ्या दिवशी वडिलांना स्टेशनांची नावं क्रमाने पाठ झाली होती. त्यांच्या आठवणीत ते शहर या गाडीमुळेच आहे.

नकाशा:
दोघेही 'मध्यवर्ती' आणि 'जिवंत' हे शब्द एकाच अर्थाने वापरताय. गल्लत तिथेच आहे.

लंडनचा सगळ्यात जुना गाभा म्हणजे 'सिटी ऑफ लंडन', जेमतेम एक चौरस मैलाचा. तिथे कामाला सहा लाखांहून जास्त माणसं आहेत, राहतात मात्र आठ-नऊ हजार. शनिवारी-रविवारी तिथले कित्येक रस्ते ओस असतात. नकाशावर याहून मध्यवर्ती काय असणार? पण पायवाट यांना हवी ती संध्याकाळ तिथे मिळणार नाही.

इस्तंबूलमध्येही तसंच. बहुतेक पाहुणे सुलतानाहमेतला उतरतात, कारण मोठ्या वास्तू तिथे हाकेच्या अंतरावर आहेत. त्या बंद झाल्या की तो भाग बराच शांत होतो. रात्रीची वर्दळ खाडीपलीकडे, बेयोग्लूच्या बाजूला. म्हणजे उंबरठा यांना झोपायला मध्यवर्ती सुलतानाहमेत चालेल आणि पायवाट यांनी पलीकडे राहावं!

टोकियोला तर एक असं केंद्रच नाही. शिंजुकू, शिबुया, उएनो, इकेबुकुरो ही सगळी आपापल्या परीने केंद्रं, आणि ती यामानोते नावाच्या वर्तुळाकार लोकलवर आहेत. ३० स्थानकं, पूर्ण फेरी साधारण तासाभराची. तिथे प्रश्न 'मध्यवस्तीत की लांब?' असा नसतोच, 'स्टेशनपासून किती पावलं?' असा असतो.

मी स्वतः नकाशावर प्रेक्षणीय स्थळं बघतच नाही. शाळा, औषधाचं दुकान, कपडे धुण्याची सोय, भाजीबाजार शोधतो. हे सगळं जवळजवळ असेल तर तिथे माणसं राहतात. जिथे माणसं राहतात तिथे संध्याकाळी जाग असते आणि रात्री बहुधा झोपही मिळते.

भाडेकरू:
नकाशा, तुम्ही ज्या वस्त्या शोधता त्यातल्याच एका वस्तीत मी गेली नऊ वर्षं भाड्याने राहतेय. तुमचा सल्ला सगळ्यांनी मानला तर काय होतं ते सांगते.

आमच्या मजल्यावर चार घरं. त्यातली दोन आता पाहुण्यांना रोजाने देतात. पूर्वी शेजारी किल्ली ठेवून बाहेर जायचे मी. आता दर तीन दिवसांनी नवे चेहरे. रात्री दोनला जिन्यात बॅगांची चाकं खडखडतात. खालचं चपला-बूट दुरुस्तीचं दुकान गेलं, तिथे आता पाहुण्यांच्या बॅगा ठेवायची सोय आहे. घरमालक प्रत्येक वेळी आठवण करून देतात की शेजारच्याला दुप्पट सुटतात.

बार्सिलोनाच्या पालिकेने २०२४ मध्ये जाहीर केलं की पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या सुमारे १० हजार घरांचे परवाने २०२८ पर्यंत संपवायचे. न्यूयॉर्कमध्ये ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी घर द्यायचं तर यजमानाने स्वतः तिथे राहायला हवं. हे नियम उगाच नाही आले. 'जिवंत वस्ती' हवी म्हणून सगळे तिथेच उतरले की ती जिवंत ठेवणारी माणसंच बाहेर फेकली जातात.

पायवाट:
भाडेकरू, हा मुद्दा लागला. मी आजवर दोनदा असं रोजाचं घर घेतलंय आणि शेजारी कोण राहतं याचा विचार केला नव्हता. यापुढे रीतसर हॉटेलच.

पण त्याने माझं मूळ मत बदलत नाही. हॉटेलं मध्यवस्तीतही असतात, आणि तिथे राहिल्याने कुणाचं घर जात नाही. उंबरठा, तुमच्या वडिलांना त्रास झाला याचं वाईट वाटलं, पण तो चौकावरच्या खिडकीचा दोष होता. नोंदणीनंतर फोन करून मागची, आतल्या अंगणाकडची खोली मागायची. मी दर वेळी मागते आणि बहुतेकदा मिळते.

उंबरठा:
'बहुतेकदा'वर म्हाताऱ्या माणसाला घेऊन जाता येत नाही. मी लांबच राहीन. एकटा गेलो तर तुमचं ऐकून बघेन.

भाडेकरू:
हॉटेलबद्दल सहमत. एकच विनंती: रात्री उशिरा पोचलात तर जिन्यात बॅग ओढू नका, उचलून न्या. माझा पलंग त्याच भिंतीला लागून आहे.