मदत हवी आहे : आईची औषधं जपानला नेताना

नमस्कार मंडळी. माझी आई (वय 68) एप्रिलमध्ये ताईकडे ओसाकाला दोन महिने चालली आहे. पहिलाच परदेश प्रवास, तोही एकटीचा. तिला बीपी आणि मधुमेह आहे, रोज रात्री इन्सुलिन पेन लागतं.

जपानमध्ये चिठ्ठीवरची औषधं एक महिन्यापुरतीच सरळ नेता येतात. जास्त असतील तर 'युन्यू काकुनिन-शो' हे प्रमाणपत्र निघायच्या आधी काढावं लागतं. इथे कुणी काढलंय का? डॉक्टरांकडून नेमकं काय लिहून घेतलंत? चिठ्ठीवर फक्त ब्रँडचं नाव आहे, मूळ औषधाचं नावही घालून घ्यावं ना?

इन्सुलिन हँडबॅगेतच ठेवणार, कारण चेक-इन बॅगेत ते गोठायची भीती. पण मध्ये विमान बदलायचं आहे, तेवढा वेळ थंड कसं ठेवलंत?

बाकी ओआरएस, पॅरासिटामॉल, क्रेप बँडेज, थर्मामीटर भरलंय. सर्दीच्या गोळ्या मात्र काढून टाकल्या. त्यातल्या काहींत स्यूडोएफेड्रिन असतं आणि 10 टक्क्यांहून जास्त असेल तर तिथे बंदी आहे. त्याऐवजी काय द्यावं?

आई फार धास्तावली आहे. ज्यांनी आपल्या आईवडिलांना असं पाठवलंय त्यांनी कृपया लिहा.