अमेरिकेतल्या काउंटी-सीट गावातली जुनी इमारत नेमकी कधीची, हे कसं शोधायचं?

जुनीवीट:
आयोवातल्या फेअरफील्डवर (जेफरसन काउंटीची काउंटी-सीट, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्याच्या ठाण्यासारखं गाव, वस्ती साडेनऊ हजारांच्या आसपास) एक लेख लिहायचा आहे. ठळक सालं हाताशी आहेत: १८३९ ला गाव वसलं, १८५४ ला राज्याची पहिली जत्रा तिथेच भरली, १८९३ ची कार्नेगी लायब्ररी (उद्योगपती कार्नेगीच्या देणगीतली), १९७३ ला पार्सन्स कॉलेज बंद आणि १९७४ ला त्याच आवारात महर्षी महेश योगींचं विद्यापीठ. अडलंय ते चौकाभोवतीच्या विटांच्या दुमजली दुकानांपाशी. एखादी इमारत कधी उठली, कोणाकोणाच्या हातातून गेली, हे कागदावर कसं शोधतात? असेसरच्या नोंदीतलं बांधकाम-साल आणि इमारतीच्या माथ्यावर कोरलेलं साल, यांतलं भरवशाचं कोणतं?

दप्तरी:
असेसरचं साल तर मुळीच धरू नका. त्याचं काम कर आकारणीचं. जुन्या बांधकामाचं साल माहीत नसलं की १९०० सारखा गोल आकडा टाकून मोकळे होतात. पण त्या नोंदीतली एक गोष्ट लाखमोलाची असते: लॉट (भूखंड) आणि ब्लॉकचा (भूखंडांच्या गटाचा) क्रमांक. तो आधी उतरवून घ्या. घर क्रमांकावर विसंबू नका, गावं मध्येच सगळे क्रमांक बदलतात.

आता कोर्टहाऊस. (फेअरफील्डच्या चौकात बाग आहे, कोर्टहाऊस तिथून उत्तरेला. चौकात शोधत बसू नका.) आपल्या सातबाऱ्यासारखा एकच उतारा तिकडे नसतो. खरेदीखतं आणि गहाणखतं रेकॉर्डरकडे, वारसाहक्काची प्रकरणं जिल्हा न्यायालयाच्या क्लार्ककडे. रेकॉर्डरच्या सूच्या नावांवरून असतात, एक विकणाऱ्यांची, एक घेणाऱ्यांची. आजचा मालक घेणाऱ्यांच्या सूचीत शोधायचा, त्याला कोणी विकलं ते बघायचं, मग तोच विकणारा पुन्हा घेणाऱ्यांच्या सूचीत. असं मागे मागे जायचं.

बहुतेकांची साखळी तुटते ती दोन ठिकाणी. मालक वारला आणि मालमत्ता मुलांकडे गेली की खरेदीखत नसतंच, तिथे क्लार्ककडे जावं लागतं. आणि मुलीच्या नावावर आली तर पुढच्या विक्रीत आडनाव वेगळं. तिसरंही एक आहे, कर थकल्यामुळे झालेली विक्री, पण ती सूचीत निदान दिसते तरी.

आयोवात या खटाटोपाला आडवाट आहे. काउंटी ऑडिटरकडे ट्रान्सफर बुक असतं, म्हणजे चक्क फेरफार नोंदवही, आणि ती जमिनीच्या वर्णनावरून लावलेली असते. लॉट-ब्लॉक सांगा आणि तिथून सुरुवात करा. रेकॉर्डरकडे नंतर जा, खताचा खंड आणि पान हातात घेऊनच.

आडवळण:
त्याही आधी मालकाला विचारा की ॲबस्ट्रॅक्ट आहे का. आयोवात टायटल इन्शुरन्स, म्हणजे मालकी हक्काचा विमा, विकायला १९४७ पासून बंदी आहे. त्यामुळे विक्रीच्या वेळी ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे त्या जागेच्या सगळ्या व्यवहारांचा क्रमवार गोषवारा, वकील अजून वाचून बघतो. सरकारने पहिल्यांदा जमीन दिली तिथपासून खरेदी, गहाण, वारसा, दावे, सगळं एका बाडात. मालकाच्या कपाटात नसेल तर कर्ज देणाऱ्या बँकेत असतं.

नकाशेवाला:
वरचं सगळं बरोबर, पण ते जागेबद्दल झालं. खतात इमारतीचा उल्लेख क्वचितच असतो. इमारतीसाठी सॅनबॉर्न कंपनीचे आगविमा नकाशे बघा, लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर फुकट आहेत. प्रमाण साधारण १ इंचाला ५० फूट. गुलाबी म्हणजे वीट, पिवळा म्हणजे लाकूड, निळा म्हणजे दगड. एका आवृत्तीत त्या लॉटवर पिवळा चौकोन आणि पुढच्या आवृत्तीत गुलाबी दिसला, की बांधकाम त्या दोन सालांमधलं. मग तेवढ्याच वर्षांची स्थानिक वर्तमानपत्रं चाळायची आणि त्या काळातलं मोठं गहाणखत शोधायचं. बांधायला कर्ज काढलेलं असायचं.

एक खोड लक्षात ठेवा: कंपनी जुन्या नकाशावर दुरुस्तीच्या चिठ्ठ्या चिकटवून द्यायची. मुखपृष्ठावर जुनं साल आणि आत नंतरची इमारत, असंही होतं. कागदाच्या कडा दिसतात का ते मोठं करून बघा.

माथ्यावरच्या सालाचं म्हणाल तर ते दर्शनी भागाचं असू शकतं. सेंट लुइसचे मेस्कर ब्रदर्स आणि इव्हान्सव्हिलचा जॉर्ज मेस्कर लोखंडी खांब आणि ठोकीव पत्र्याचे दर्शनी भाग कॅटलॉगमधून विकत, रेल्वेने पाठवत. खांबाच्या पायथ्याशी नावाची पट्टी सापडते. पट्टीवर १८८७ च्या पेटंटचं साल असेल तर दर्शनी भाग त्याआधीचा नाही, एवढंच सिद्ध होतं. मागची वीट वीस वर्षं जुनी असू शकते. म्हणून मागच्या गल्लीत जाऊन भिंत बघावी. दर्शनी बाजू सगळे नटवतात, मागची कोणी नाही.

जुनीवीट:
ॲबस्ट्रॅक्टचं माहीतच नव्हतं, आभार. एक शंका: खतांच्या नमुन्यांत किंमत 'एक डॉलर आणि इतर मोबदला' अशी दिसते. खरी किंमत कशी कळणार?

दप्तरी:
ती लपवायची रीतच आहे. १९३२ ते १९६७ मधलं खत असेल तर त्यावरची केंद्र सरकारची मुद्रांक तिकिटं मोजा, किंवा नोंदीच्या कडेला त्यांची रक्कम लिहिलेली असते ती बघा. जुलै १९४० पासून दर होता ५०० डॉलरला ५५ सेंट, त्याआधी ५० सेंट. ११ डॉलरची तिकिटं म्हणजे २० वेळा ५००, किंमत १०,००० च्या घरात. अपुऱ्या ५०० लाही पूर्ण तिकीट लागे, म्हणून हा आकडा वरची मर्यादा समजा. घेणाऱ्याने जुनं गहाण अंगावर घेतलं असेल तर ती रक्कम यात धरलेली नसते. तेव्हा गहाणखत बघितल्याशिवाय आकडा छापू नका.

आडवळण:
आणि दुकान कोण चालवायचं हे मालकीवरून ठरवू नका, भाडेकरू खतात येत नाहीत. त्यासाठी जाहिराती आणि जनगणना. १८९० ची केंद्रीय जनगणना १९२१ च्या आगीनंतर जवळपास सगळी गेली, पण आयोवाने १८८५ आणि १८९५ ला स्वतःची जनगणना केली होती, त्यामुळे ते भगदाड बुजतं. १९२५ च्या राज्य जनगणनेत तर आईवडिलांची नावं आहेत, आईच्या माहेरच्या आडनावासकट. वर ज्या मुलींपाशी साखळी तुटते म्हटलंय, त्यांतल्या काही तिथे सापडतील.