नेहमीच्या कर्नलमध्ये डीबगर बांधून द्यावा का?

बिट_बहाद्दर

मुद्दा लिनक्सच्या कर्नलपुरता (कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा, डीबगर म्हणजे चालता कोड थांबवून आत बघायचं साधन). केजीडीबी, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून जीडीबी हा नेहमीचा डीबगर जोडून वापरायचं साधन, २००८ साली २.६.२६ मध्ये मुख्य कर्नलमध्ये आलं, केडीबी, म्हणजे त्याच मशीनच्या कन्सोलवरून चालणारा भाऊ, २०१० साली २.६.३५ मध्ये. त्याआधी कित्येक वर्षं केजीडीबी बाहेरचा पॅच म्हणून चालायचं. अमित काळे हे त्यातलं महत्त्वाचं नाव. कोड आत येऊन इतकी वर्षं झाली, तरी तयार लिनक्स देणाऱ्या वितरणांनी (डिस्ट्रोंनी) तो नेहमीच्या कर्नलमध्ये चालू ठेवावा की नाही यावर अजून हमरीतुमरी होते.

माझं मत: ठेवावा. नुसतं कंपाइल केलेलं केजीडीबी गप्प पडून असतं, आय/ओ ड्रायव्हर जोडेपर्यंत त्याचा भार जवळजवळ शून्य. गरज पडली की बूट ओळीत केजीडीबीओसी=टीटीवायएस०,११५२०० एवढं लिहायचं. नाहीतर तहान लागल्यावर विहीर खणायची: बग दिसला की वेगळा कर्नल बांधा, चढवा, रीबूट करा, आणि त्या कर्नलवर बग येतच नाही. टायमिंग हललं की रेस (दोन कामांच्या आगेमागे होण्यातून येणारा बग) लपून बसते.

पॅनिक_पंत

साफ नको. लिनक्सचा जनक लिनस टॉरवाल्ड्सने २००० साली डीबगर आत घ्यायला विरोध केला तेव्हा कारण आळसाचं नव्हतं. डीबगर हाताशी असला की माणूस लक्षणाला ठिगळ लावतो, कोड वाचत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. ते आजही पटतं.

ते तत्त्वाचं झालं, व्यवहाराचं बघा. ब्रेकपॉइंट (कोड थांबवायची खूण) लागला की केजीडीबी सगळे सीपीयू थांबवतं. सॉफ्ट लॉकअपचा वॉचडॉग (सीपीयू अडकलाय का यावर नजर ठेवणारा) ते सांभाळून घेतं, पण हार्डवेअर वॉचडॉग त्याच्या ताब्यात नाही. तुम्ही स्टॅक बघत बसता आणि मशीन रीसेट होतं. क्लस्टरमध्ये असाल तर हार्टबीट ('मी जिवंत आहे' असा नियमित संदेश) चुकला म्हणून शेजारचा नोड तुमचीच वीज तोडतो. चालू सर्व्हरवर हे कोण करणार? त्यापेक्षा केडंप लावा: पॅनिक (कर्नल कोसळणं), दुसरा कर्नल उठतो, मेमरी डिस्कवर जाते, मशीन परत कामाला. पुढची चिरफाड सवडीने क्रॅश या डंप वाचायच्या टूलमध्ये.

आणि सिरीयलचा वेग? ११५२०० बॉड म्हणजे सेकंदाला साधारण साडेअकरा हजार बाइट. ४ जीबी ओढायला चार दिवसांहून जास्त.

बिट_बहाद्दर

पंत, ४ जीबी ओढायला कोणी सांगितलंय! कुठलं लॉक कोणाकडे आहे, कोणता टास्क कशावर अडकलाय, यासाठी काही केबी पुरतात.

केडंपही काही सोवळं नाही. क्रॅशकर्नल= या बूट पर्यायाला मेमरी कमी दिली तर डंप घेणारा कर्नलच मेमरी संपून मरतो. त्याच्या इनिटरामएफएसमध्ये (बूटच्या वेळच्या छोट्या फाइल सिस्टिममध्ये) डिस्कचा ड्रायव्हर नसेल तर डंप ठेवायला जागाच नाही. जुन्या कर्नलने सुरू केलेला डीएमए (कार्डांचा सीपीयूला वगळून थेट मेमरीशी व्यवहार) थांबलेला नसतो, त्यामुळे काही कार्डं नीट उठत नाहीत. मोठ्या मशीनवर डंप लहान करणाऱ्या मेकडंपफाइलला -डी ३१ द्यायला विसरलात, तर शून्य पानं, कॅशे, युजरची पानं, मोकळी पानं सगळं लिहीत बसतं. शिवाय चिन्हांसकट कर्नलची व्हीएमलिनक्स फाइल नेमकी त्याच बिल्डची लागते.

कुलूपवाला

दोघांनी सुरक्षेचा विषय सोडलाच. २०२२ ची सीव्हीई-२०२२-२१४९९ ही सुरक्षा त्रुटी बघा. सिक्युअर बूट (सही केलेलाच कर्नल चालू देणारं) आहे, लॉकडाउन (रूटलाही कर्नलला हात लावू न देणारं) आहे, आणि तरी केजीडीबी-केडीबीतून कर्नलची मेमरी वाचता-लिहिता येत होती. पुढच्या दारी कुलूप आणि मागची खिडकी सताड उघडी. दुरुस्तीनंतर इंटिग्रिटी मोडमध्ये लिहिणं बंद आणि कॉन्फिडेन्शिॲलिटी मोडमध्ये वाचणंही बंद. मग लॉकडाउन असलेल्या मशीनवर तुमच्या त्या 'गप्प पडलेल्या' डीबगरचा उपयोग किती उरला?

आणि कर्नल.सिसआरक्यूचा (आणीबाणीच्या कीबोर्ड आज्ञांचा) मास्क घट्ट केला म्हणून निर्धास्त राहू नका. तो कीबोर्डच्या जुळणीला लागतो. रूटने प्रॉकमधल्या सिसआरक्यू-ट्रिगरमध्ये 'जी' (डीबगरमध्ये जा) लिहिला तर मास्क कोणी विचारत नाही.

डीडीबी_दादा

ओपनबीएसडी या दुसऱ्या सिस्टिमच्या जेनेरिक (नेहमीच्या) कर्नलमध्ये डीडीबी हा डीबगर असतोच. पॅनिक झालं की थेट त्याचा प्रॉम्प्ट. ट्रेस आणि पीएस मारा, स्क्रीनचा फोटो काढून बग रिपोर्टला जोडा. बिनमाणसाच्या सर्व्हरवर डीडीबी.पॅनिक=० केलं की प्रॉम्प्टवर अडकून न राहता तो रीबूट होतो. इतकं साधं आहे.

पॅनिक_पंत

फोटो काढायला स्क्रीनसमोर माणूस लागतो, दादा. रॅकमध्ये कोण उभं आहे?

ब्रेकपॉइंट_बाई

वाद वितरणाचा असला तरी वापरताना लोक कुठे आपटतात ते सांगते, कारण 'केजीडीबी चालतच नाही' या तक्रारींचं मूळ बहुधा इथे असतं.

केएएसएलआर चालू असेल तर कर्नल दर बूटला वेगळ्या पत्त्यावर बसतो. जीडीबीतली चिन्हं भलतीकडे दाखवतात आणि ब्रेकपॉइंट हवेत लागतो. बूट ओळीत नोकेएएसएलआर टाका. क्यूईएमयू या आभासी मशीनमध्ये -एस (लहान लिपीतला) दिला की १२३४ पोर्टवर जीडीबी जोडता येतो, आणि त्याला केजीडीबी लागतच नाही. तिथे बूटच्या अगदी सुरुवातीला साध्या ब्रेकऐवजी एचब्रेक (हार्डवेअर ब्रेकपॉइंट) वापरा. मात्र एक्स८६ वर हार्डवेअर ब्रेकपॉइंट चारच मिळतात. व्हेरिएबलपुढे 'ऑप्टिमाइझ्ड आउट' दिसलं तर घाबरू नका, कंपायलरने ते उडवलेलं असतं, रजिस्टर बघा.

खऱ्या मशीनवर कन्सोल आणि जीडीबी एकाच सिरीयलवर आले की दोघांची पाकिटं एकमेकांत मिसळतात. एजंट-प्रॉक्सी हा प्रोग्राम मध्ये ठेवा, तो त्यांची दोन टीसीपी पोर्टं करून देतो. यूएसबी-सिरीयलची वायर तुमच्या बाजूला चालते, तपासायच्या मशीनच्या (टार्गेटच्या) बाजूला सहसा नाही, कारण तिथल्या ड्रायव्हरला इंटरप्टशिवाय पोलिंग (सतत स्वतः विचारून बघणं) करता यावं लागतं. केडीबीत यूएसबी कीबोर्डही याच कारणाने मुका.

पॅनिक_पंत

बाईंनी माझंच काम केलं. म्हणजे सिरीयल पोर्ट नसलेल्या लॅपटॉपवर हा डीबगर शोभेचा! नेहमीच्या कर्नलमध्ये काही घालायचंच तर केफेन्स (मेमरीच्या चुका नमुन्याने पकडणारा) घाला. ५.१२ पासून आहे, मूळ मांडणीत २५५ ऑब्जेक्ट, २ एमबी जागा, दर १०० मिलिसेकंदाला एक नमुना. केएसॅन या सगळी मेमरी तपासणाऱ्या साधनासारखी आठवा हिस्सा मेमरी खात नाही आणि चालू मशीनवर यूज-आफ्टर-फ्री (सोडून दिलेली मेमरी परत वापरणं) पकडतो.

बिट_बहाद्दर

केफेन्स घालाच, त्याला कोण नाही म्हणतंय. पण तो मेमरीच्या चुका पकडतो. दोन ड्रायव्हर एकमेकांचं लॉक धरून बसले तर त्याला पत्ताही लागणार नाही.

ब्रेकपॉइंट_बाई

आणि सिरीयलचा इंटरप्ट ज्या सीपीयूकडे जातो तोच इंटरप्ट बंद करून अडकला असेल, तर तुमचा ब्रेकही आत पोचणार नाही. तिथे एनएमआय (अडवता न येणारा इंटरप्ट) लागतो. सर्व्हरच्या बीएमसीवरून (दूरून मशीन सांभाळायच्या वेगळ्या चिपवरून) पाठवता येतो, कर्नल.अननोन_एनएमआय_पॅनिक=१ आधी करून ठेवलेलं असेल तर त्यावर पॅनिक होतं आणि मग पंतांचा केडंपच धावून येतो.